अक्कलदाढेची शस्त्रक्रिया झाली, आता घरी काय सांभाळायचं?

केवडा

नमस्कार मंडळी.

धाकट्या भावाची खालची डावी अक्कलदाढ काल काढली. ओढून निघण्यासारखी नव्हतीच. ओपीजीत (पूर्ण जबड्याच्या एक्सरेत) ती पार आडवी झोपलेली दिसत होती, पुढच्या दाढेत तोंड खुपसून. त्यामुळे हिरडी कापून, थोडं हाड कोरून, दाढेचे तुकडे करून काढावी लागली. टाके घातलेत. भूल फक्त जबड्यापुरती होती, म्हणून थोड्या वेळाने घरी पाठवलं.

निघताना सूचनांचा कागद मिळाला. थुंकू नये, स्ट्रॉ वापरू नये, २४ तास गुळण्या करू नयेत, थंड व मऊ आहार घ्यावा, धूम्रपान टाळावे. इतकंच. कारण एकाचंही दिलेलं नाही. भाऊ पुण्यात मित्रांसोबत फ्लॅटवर राहतो, त्याच्याजवळ राहायला मी नाशिकहून आलेय. नुसतं 'करू नकोस' म्हटलं की पंचविशीतला मुलगा ऐकत नाही, पण का करायचं नाही ते पटलं की स्वतःहून सांभाळतो. म्हणून हा धागा काढतेय. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी आणि इथल्या डॉक्टर मंडळींनी कारणांसकट लिहा, म्हणजे पुढे ज्याला गरज पडेल त्याला सगळं एका जागी सापडेल.

आजची स्थिती: डावा गाल सुजलाय, तोंड जेमतेम दीड बोट उघडतं, लाळेत गुलाबी झाक आहे. आई फोनवरून हळद दाबायला सांगतेय, शेजारच्या काकू लवंगेचं तेल घेऊन आल्या होत्या. गणपती तोंडावर आलेत आणि याला ढोलपथकाच्या सरावाला जायचंय.

कृष्णाकाठ

केवडाताई, बरं केलंत धागा काढलात. मी सांगली जिल्ह्यात दातांचा दवाखाना चालवतो. तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही, तेव्हा त्याच्या डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं असेल तर तेच धरायचं. कारणं मात्र सांगतो.

दाढ निघाली की हाडात खड्डा राहतो. तो रक्ताने भरतो, रक्त गोठतं, आणि पुढे जखम भरते ती या गुठळीच्या आधाराने. गुडघा खरचटल्यावर खपली धरते तसंच हे, फक्त ही खपली कायम ओल्या जागी असते आणि पहिल्या दिवशी अगदी लिबलिबीत असते. तिच्याखाली उघडं हाड. कागदावरची जवळजवळ प्रत्येक सूचना ती गुठळी जागची हलू नये यासाठी आहे. स्ट्रॉने ओढताना, जोरात थुंकताना तोंडात जी ओढ निर्माण होते तिने गुठळी उचलली जाते. गुळण्यांनी धुतली जाते. कढत चहाने ताज्या जखमेतल्या रक्तवाहिन्या फुलतात आणि पुन्हा रक्त झिरपायला लागतं. सिगरेट दोन्हीकडून मारते: एक तर ओढण्याचा जोर, आणि वर निकोटिनने रक्तवाहिन्या आकसून जखमेला रक्तच कमी पोचतं.

म्हणून पहिला दिवसभर लाळ गिळायची. चव नकोशी वाटते, तरी गिळायची. थेंबभर रक्त लाळेत मिसळलं तरी तोंड रक्ताने भरल्यासारखं वाटतं. माणूस घाबरून पुन्हा पुन्हा थुंकतो, आणि त्या थुंकण्यानेच रक्त थांबत नाही. पहिले २४ तास गुलाबी लाळ येणं हे नेहमीचं आहे.

खरोखर रक्त वाहत असेल तर त्याला ताठ बसवा. स्वच्छ गॉज किंचित ओली करून तिची जाड घडी करा, नेमकी खड्ड्यावर ठेवा आणि अर्धा तास घट्ट चावून धरायला सांगा. घड्याळ लावून. मध्ये काढून बघायचं नाही, कारण बघायला म्हणून गॉज उचलली की तिला चिकटून गुठळीही बाहेर येते. कापूस नको, त्याचे तंतू जखमेत अडकतात. असं दोनदा करूनही थांबलं नाही तर डॉक्टरांना फोन, मग रात्र असो की दिवस.

आणि सूज. ती आज आहे त्याहून उद्या-परवा वाढेल. शस्त्रक्रियेनंतर ४८ ते ७२ तासांत ती सर्वांत जास्त असते आणि मग उतरायला लागते. हे आधी माहीत नसलं की तिसऱ्या दिवशी सकाळी आरसा बघून घरात धावपळ होते. हाड जितकं कोरलं असेल तितकी सूज जास्त.

हळद आणि लवंगेचं तेल दोन्ही नको. हळदीची पूड खड्ड्यात जाऊन बसते आणि मग ती काढणं आलं. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल आम्हीही वापरतो, पण मोजून, औषधात मिसळून आणि गरज असेल तेव्हाच. शुद्ध तेल ताज्या जखमेवर लावलं तर हिरडी भाजते.

रानजाई

बर्फ लावायचा की गरम शेक, यावर आमच्याकडे दर वेळी वाद होतो. एकदाचं कोणी सांगेल का?

कृष्णाकाठ

दोन्ही, पण आपापल्या वेळी. पहिला दिवस, फार तर दुसरा, बाहेरून गालावर बर्फ. फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं लावायचा, तेवढाच वेळ काढून ठेवायचा, पुन्हा लावायचा. थेट कातडीवर ठेवू नका. गाल आधीच बधिर असतो, त्यामुळे बर्फाने कातडी भाजली तरी कळत नाही. दोन दिवसांनंतर बर्फाचा उपयोग राहत नाही, मग कोमट ओल्या फडक्याचा शेक. त्याने आखडलेले स्नायू सैल पडतात.

पहिल्या रात्री उशाला एक जादा उशी द्या. डोकं वर राहिलं की सूज आणि ठणका दोन्ही कमी.

बधिरपणावरून आठवलं. भुलीचा अंमल सुमारे दोन ते चार तास राहतो, खालच्या जबड्यात कधी जरा जास्त. तो उतरेपर्यंत काही चावून खाऊ नये. ओठ दाताखाली चिरडला जातो आणि कळतही नाही, लहान मुलांत तर हे फारच होतं. दुसऱ्या दिवशीही खालचा ओठ, हनुवटी किंवा जीभ बधिर असेल तर डॉक्टरांना सांगायचं. खालच्या अक्कलदाढेच्या मुळाखालूनच ओठाची नस जाते, ती दुखावली असू शकते. बहुतेकांची संवेदना हळूहळू परत येते, पण नोंद पहिल्यापासून हवी.

निशिगंध

मी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. गोळ्यांबद्दल लिहिते, कारण घोळ इथेच होतात.

पहिली वेदनाशामक गोळी भूल उतरायच्या आधी द्यायची. ठणका एकदा चढला की तो उतरवायला फार वेळ लागतो. पहिले दोन-तीन दिवस घड्याळ बघून, डॉक्टरांनी दिलेल्या अंतरानेच. 'सोसवतंय तोवर नको' असं म्हणत दुखणं अंगावर काढण्यात काहीच मिळत नाही. झोप जाते आणि जेवण सुटतं तेवढंच.

आता महत्त्वाचं. दातांसाठी लिहून दिलेल्या बऱ्याच गोळ्यांत दोन औषधं एकत्र असतात, एसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल. पाकिटावर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीचं नाव, घटक मागे बारीक अक्षरांत. मग रात्री कणकण वाटली की घरातला कोणीतरी डब्यातली डोलो किंवा क्रोसिन देतो, ती म्हणजे पुन्हा पॅरासिटामॉलच. धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसात ४ ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल जाता कामा नये, आणि यकृताचा त्रास असेल किंवा रोजचं मद्यपान असेल तर मर्यादा त्याहून बरीच खाली. तेव्हा पाकिटं उलटी करून एकदा वाचाच. ॲस्पिरिन तर दुखण्यासाठी मनाने घ्यायचंच नाही, त्याने रक्तस्राव वाढतो.

दुसरं, हे दिवस पावसाळ्याचे आहेत. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवशी थोडी कणकण येऊ शकते. पण चांगला १०२-१०३ ताप भरला, अंग मोडून आलं, डोळ्यांच्या मागे दुखायला लागलं, तर सगळं खापर दाढेवर फोडू नका. डेंगी असू शकतो, आणि डेंगीत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन या जातीच्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्या थांबवून लगेच डॉक्टरांना विचारा, रक्त तपासून घ्या. पुण्या-मुंबईत ऑगस्ट ते ऑक्टोबर या दिवसांत हे डोक्यात ठेवायलाच हवं.

मेट्रोनिडॅझॉल हे प्रतिजैविक दिलं असेल तर मद्य पूर्ण बंद, गोळ्या संपल्यावरही तीन दिवस. प्रतिजैविकं दिली असतील तर बरं वाटलं म्हणून अर्ध्यावर सोडू नयेत. दिलीच नसतील तर 'लिहून का नाही दिली' म्हणून मेडिकलवाल्याकडून आणूही नयेत. प्रत्येकाला ती लागतातच असं नाही.

सुरंगी

गोळ्यांचं तज्ज्ञ सांगताहेत, मी ताटाचं सांगते. आमच्या घरात तिघांच्या अक्कलदाढा अशाच कापून काढल्या आहेत, तेव्हा स्वयंपाकघराची बाजू माझ्याकडे होती.

'थंड आणि मऊ' म्हटलं की मुलं आइस्क्रीमवर राहतात. पहिल्या दिवशी ठीक आहे (कोन नको, चमच्याने, आणि सुकामेवा-चॉकलेटचे तुकडे नसलेलं). पण नुसत्या साखरेवर जखम भरत नाही आणि पोटात गोळ्या जातात त्याने जळजळ होते. पहिल्या दिवशी गार दूध, ताक, नाचणीचं सत्त्व गार करून, मऊ शिजवलेल्या गुरगुट्या भातात दही. चमच्याने द्यायचं आणि उजव्या बाजूने. ताकाला आलं-मिरची नको, झोंबतं. दुसऱ्या दिवसापासून कोमट चालतं: तांदळाची पेज तुपासह, मुगाच्या डाळीची खिचडी पार लापशी होईल इतकी शिजवून, रव्याची खीर, दुधीचं गाळलेलं सार, कुस्करलेला बटाटा लोणी घालून, पिकलेलं केळं. अंडं चालत असेल तर अगदी मऊ भुर्जी, मिरची न घालता. मासे खाणाऱ्यांनी काटे काढलेला मऊ मासा चार-पाच दिवसांनी, आधी नको.

आता जे कोणी सांगत नाही ते. फोडणी! खिचडी कितीही मऊ असली तरी त्यातली मोहरी आणि जिरं अख्खंच राहतं, आणि मोहरीचा दाणा त्या खड्ड्यात बरोब्बर मावतो. एकदा गेला की जिभेला सारखा लागतो, जीभ तिथेच वळवळते आणि टाके ओढले जातात. म्हणून पहिला आठवडाभर फोडणी करायचीच असेल तर तुपात हिंग-हळद परतून, नाहीतर जिरेपूड घालून. तसंच तीळ, खसखस, शेंगदाण्याचा कूट, पेरूच्या आणि टोमॅटोच्या बिया, राजगिरा. साबुदाण्याची खिचडी मऊ वाटते पण कूट आणि चिकटपणा दोन्ही वाईट. उपासच असेल तर साबुदाण्याची पातळ खीर करा, गार करून.

आणि केवडा, गणपतीत उकडीचे मोदक होणारच ना? पारी मऊ असते, कोमट करून तूप घालून द्यायला हरकत नाही, पण त्याच्यासाठीचे मोदक वेगळे वळ. सारणात खसखस अजिबात नको आणि खोबरं अगदी कोवळं, बारीक. तेही आठवडा झाल्यावर. तळणीचे मोदक, चकली, कडबोळी, कुरकुरीत चिवडा हे टाके निघून जागा मिटत येईपर्यंत डब्यातच राहू देत. त्याचा वाटा राखून ठेव म्हणजे तो नाराज होणार नाही.

भाकरी कधी, हा आमच्याकडचा प्रश्न. आठ-दहा दिवसांनी, दुधात कुस्करून.

पाऊलवाट

माझ्या खोलीतल्या मित्राचं सांगतो, कारण केवडाच्या भावाच्या वयाचाच आहे. दाढ काढल्यावर पहिले दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी त्याने सिगरेट ओढली. चौथ्या दिवशी पहाटे कानापर्यंत ठणका सुरू झाला, गोळीने तासभरही उतरेना, तोंडाला घाण वास. सूज मात्र नव्हती. आम्हाला वाटलं कानच दुखतोय. डॉक्टरांनी आरशाने बघितलं आणि म्हणाले ड्राय सॉकेट. खड्ड्यात गुठळी नव्हतीच, हाड दिसत होतं. त्यांनी कोमट सलाईनने जागा धुतली आणि लवंगेच्या वासाची औषधी पट्टी भरली. खुर्चीतून उठेपर्यंत त्याचा चेहरा बदलला होता. पुढे पट्टी बदलायला परत बोलावलं.

मला सांगायचंय ते हे की तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर दुखणं *कमी* व्हायला हवं. उलट वाढलं तर गोळ्या वाढवत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. उपाय सोपा आहे आणि फरक लगेच पडतो. उगाच कशाला आठवडाभर तळमळायचं?

कृष्णाकाठ

पाऊलवाट यांनी अगदी नेमकं लिहिलंय. ड्राय सॉकेट साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कळतो, खालच्या दाढांत जास्त होतो, तंबाखू वापरणाऱ्यांत आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांतही जास्त. गोळ्या घेत असाल तर शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांच्या कानावर घाला, लाजण्यासारखं त्यात काही नाही.

देवराई

माझ्या आईसाठी वाचतेय. वय ६४, मधुमेह आहे, खालची किडलेली दाढ कापून काढायला सांगितलीय. ती लहानपणापासून मशेरी लावते. तिला सिगरेटचं सांगून उपयोग नाही, ती म्हणते मी कुठे ओढते? आणि तिला दोन वर्षांपूर्वी हाडांच्या ठिसूळपणासाठी एक इंजेक्शन दिलं होतं, वर्षातून एकदाचं. ते सांगायला हवं का?

कृष्णाकाठ

देवराईताई, ते इंजेक्शन आधी सांगा, बाकी सगळं नंतर. वर्षातून एकदा देतात ते बहुधा झोलेड्रॉनिक ॲसिड. आठवड्याच्या गोळ्याही असतात, ॲलेंड्रोनेट वगैरे. या औषधांनी हाडाची रोजची मोडजोड मंदावते आणि क्वचित प्रसंगी दाढ काढल्यावर जबड्याचं हाड भरून न येता उघडं राहतं. ठिसूळपणासाठीच्या मात्रेत हा धोका कमी असतो, कर्करोगासाठी मोठ्या मात्रेत दिलं असेल तर बराच जास्त. म्हणून दाढ काढायचीच नाही असं नव्हे, पण डॉक्टर त्याप्रमाणे आखणी करतील आणि नंतर जास्त दिवस लक्ष ठेवतील. मी रुग्णांना 'रोज कोणत्या गोळ्या घेता' असं विचारलं की ही गोष्ट निसटते, कारण रोजची गोळी नाहीच. म्हणून आता 'गेल्या काही वर्षांत कधी इंजेक्शन, कधी सलाईनमधून औषध, कधी डोक्या-मानेला रेडिएशन' असं वेगळं विचारतो. घरच्यांनी जुनी फाइल घेऊनच जावं.

मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती बोटाने हिरडीवर चोळायची, म्हणजे निकोटिन आणि काजळी थेट जखमेवर, शिवाय बोटाचा रगडा. सिगरेटइतकीच वाईट. निदान पंधरा दिवस पूर्ण बंद. गुटखा, मावा, तंबाखू-चुना सगळ्याला हेच लागू. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण माझ्या खुर्चीत बसणाऱ्यांचे गाल बघितले की तो कुठून कुठे पोचतो ते रोज दिसतं. आईंना सकाळी दात घासायची सवय मोडायची नाहीये, फक्त डबी बदलायची आहे. त्यांना मऊ ब्रश आणि पेस्ट द्या, जखमेची बाजू सोडून बाकी दात घासू देत. पंधरा दिवस सुटली की पुढे कायमची सोडवायला हीच संधी धरा. मी अशा तीन-चार आज्या पाहिल्यात ज्यांनी दाढेच्या निमित्ताने मशेरी टाकली ती टाकलीच.

मधुमेहासाठी: वेळ सकाळची घ्या, नाश्ता आणि नेहमीची गोळी घेऊनच जा, उपाशी नको. घरी आल्यावर तोंड दुखतं म्हणून जेवण टळतं आणि गोळी किंवा इन्सुलिन मात्र घेतलं जातं, मग साखर एकदम उतरते. थरथर, घाम, गोंधळल्यासारखं वाटलं की लगेच साखर-पाणी, आणि ते स्ट्रॉने नाही. एरवी मऊ म्हणून गोड खीर-शिऱ्याचा मारा करू नका, साखर चढली की जखम रेंगाळते. सुरंगीताईंची पेज, ताक, मऊ खिचडी आईंना उत्तम.

देवराई

खूप खूप धन्यवाद डॉक्टर. फाइल आजच शोधते.

रानजाई

आमचे काका रक्त पातळ करायची गोळी घेतात. दाढेआधी शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून त्यांनी ती बंदच करून टाकली होती. नशिबाने त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना वेळेत कळलं.

निशिगंध

हे अगदी ठळक अक्षरात लिहायला हवं. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करायची नाही. एखादी दाढ काढताना ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल बहुतेक वेळा चालूच ठेवतात. जखमेतलं रक्त दाबून, टाके घालून थांबवता येतं. गोळी थांबवून हृदयात किंवा मेंदूत गुठळी झाली तर ती तशी थांबवता येत नाही. वॉरफरिनवर असणाऱ्यांची आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते कळतं ती) आधी करतात. आणि वॉरफरिन चालू असताना मेट्रोनिडॅझॉल दिलं तर रक्त आणखी पातळ होतं, तेव्हा प्रिस्क्रिप्शन लिहितानाच आठवण करून द्या.

सह्यकडा

थोडं विषयांतर. वरची दाढ काढली की नजर अधू होते असं आमच्या गावाकडे पक्कं मानतात. माझ्या वडिलांनी याच भीतीने किडलेली वरची दाढ किती वर्षं तशीच ठेवली आहे. त्यांना काय सांगू?

कृष्णाकाठ

हे माझ्याकडे आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतंच. दातांना संवेदना देणारी नस वेगळी आणि डोळ्याने दिसतं ती नस वेगळी. दोन्ही मेंदूतून स्वतंत्र निघतात. दाढेने नजर जात नाही. ज्या वयात दात काढावे लागतात त्याच वयात मोतीबिंदूही येतो, म्हणून लोकांनी दोन्हीची सांगड घातली. उलट किडलेल्या दाढेतला पू वर पसरला तर डोळ्याभोवती सूज येऊ शकते, म्हणजे न काढण्यातच डोळ्याला धोका जास्त.

वरच्या दाढेची काळजी वेगळी आहे ती सायनससाठी. वरच्या मागच्या दाढांची मुळं सायनसच्या पोकळीला अगदी खेटून असतात, कधी मधला पातळ पापुद्रा फुटतो. पाणी पिताना नाकातून आलं तर ओळखायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. तशी शंका असेल तर नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून देऊन टाकायची, दाबायची नाही. कपालभाती, जलनेती बंद. आणि आता गणपती आहेत म्हणून सांगतो, आरतीला शंख फुंकायचं काम त्या वर्षी दुसऱ्याला द्या.

केवडा

पुढचं कळवते. आज पाचवा दिवस. डॉक्टरांनी सांगितलं तसंच झालं, तिसऱ्या दिवशी सकाळी गाल एवढा टम्म होता की डोळाही बारीक दिसत होता. इथे आधी वाचलं होतं म्हणून आम्ही दोघंही शांत राहिलो. काल संध्याकाळपासून उतरतेय. गालाखाली पिवळसर-हिरवट डाग आलाय. स्ट्रॉचं कारण सांगितल्यावर त्याने स्वतःच शहाळं ग्लासात ओतून घेतलं, मला काही बोलावं लागलं नाही.

सुरंगीताई, मोहरीचं वाचून मी फोडणीच बंद केलीय. आता पेजेचा कंटाळा आलाय असं म्हणतोय, म्हणजे तब्येत सुधारतेय.

तीन प्रश्न. जखमेत पांढरट-पिवळं काहीतरी दिसतंय, तो पू आहे का? तोंड अजून दोनच बोटं उघडतं, जबरदस्तीने उघडायचं का? आणि ढोलाचं काय?

कृष्णाकाठ

डाग म्हणजे आत साकळलेलं रक्त, जिरत चाललंय. आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप जाईल, चोळू नका.

पांढरट-पिवळा थर हा बहुतेक वेळा पू नसतो, जखम भरतानाचा साधा थर असतो. काडीने, ब्रशने किंवा बोटाने खरवडू नका. पू असेल तर सोबत दुखणं वाढतं, सूज पुन्हा चढते, ताप येतो, चव खारट-कडवट लागते. तुमच्याकडे सगळं उतरणीला आहे, तेव्हा काळजी नको. टाके काढायच्या दिवशी दाखवाच. काळे रेशमी टाके असतील तर साधारण सातव्या दिवशी काढतात, विरघळणारे असतील तर आपले आपण गळतात.

गुळण्या आता व्यवस्थित चालू ठेवा: ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, प्रत्येक खाण्यानंतर. खळखळून नाही. घोट तोंडात घेऊन मान या बाजूला, त्या बाजूला कलती करायची आणि बेसिनवर तोंड उघडून पाणी गळू द्यायचं. क्लोरहेक्सिडिन हे गुळण्यांचं जंतुनाशक औषध दिलं असेल तर ब्रशनंतर अर्ध्या तासाने, आणि त्यानंतर लगेच चहा-कॉफी नको, दातांवर तपकिरी डाग पडतात. तेलाच्या गुळण्या काही आठवडे राहू देत. खड्ड्यात अन्न अडकत असेल तर डॉक्टर वाकड्या नळीची सिरिंज देतात, तिने हलक्या हाताने कोमट पाणी सोडायचं. ते सुरू कधी करायचं हे टाके काढताना त्यांनाच विचारा, लवकर केलं तर गुठळी उडते.

जबडा जबरदस्तीने नाही, पण आळसही नको. कोमट शेक दहा मिनिटं, मग दुखायला लागेल इतपत उघडून पाच-सहा सेकंद धरायचं. असं दिवसातून चार-पाच वेळा. आइस्क्रीमच्या लाकडी चपट्या काड्या एकावर एक रचून मागच्या दातांत, दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध बाजूला ठेवायच्या, रोज एखादी वाढवायची. तीन बोटं उभी आत जायला लागली की झालं. आठवड्यानंतरही काहीच फरक नसेल तर दाखवायचं.

ढोल: टाके निघेपर्यंत नाही. कमरेला वजन बांधून जोर लावला की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, जखम ठणकते, रक्तही येऊ शकतं. व्यायामशाळेलाही हेच. टाके निघाल्यावर सूज नसेल तर आधी हलका सराव. मिरवणूक विसर्जनाला असते, तोवर त्याला वेळ आहे.

निशिगंध

एक राहिलं ते लिहून ठेवते, कारण असे रुग्ण रात्री-अपरात्री आमच्याकडे येतात आणि कधी कधी फार उशिरा येतात. सूज गालावरून खाली हनुवटीखाली, गळ्याकडे उतरली, जीभ वर उचलल्यासारखी झाली, लाळ गिळता येईना म्हणून गळायला लागली, आवाज घोगरा-बोबडा झाला किंवा श्वासाला त्रास वाटला, तर दवाखाना उघडायची वाट बघायची नाही. १०८ला फोन करून थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात. जंतुसंसर्ग मानेत उतरला की श्वासाची वाट काही तासांत बंद होऊ शकते. तोवर आडवं झोपवू नका, बसतं ठेवा.

पाऊलवाट

खर्चामुळे कोणी अडलं असेल तर: मुंबईत सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला पालिकेचं नायर दंत रुग्णालय आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. अक्कलदाढेच्या शस्त्रक्रिया तिथे नेहमी होतात आणि खर्च खाजगीपेक्षा पुष्कळ कमी येतो. गर्दी असते, सकाळी लवकर जायचं. केसपेपर जपून ठेवा, टाके काढायला तोच लागतो.

केवडा

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटची शंका: उजवीकडचीही तशीच आडवी आहे. ती किती दिवसांनी काढावी?

कृष्णाकाठ

ही बाजू पूर्ण बरी होऊन त्या बाजूने चावता यायला लागलं की मगच. हिरडी वरून मिटायला तीन-चार आठवडे लागतात, आतलं हाड भरायला काही महिने, पण हाडासाठी थांबायची गरज नसते. उजवीकडे दुखत नसेल, सूज येत नसेल, पुढची दाढ किडत नसेल तर घाईही नाही. आधी डॉक्टरांकडून एक्सरे बघून ती काढायला हवीच का ते विचारून घ्या. काढायचीच ठरली तर परीक्षा, प्रवास आणि सणवार टाळून तारीख घ्या, आणि पेजेचे तांदूळ आधीच भरून ठेवा.